पाळण्याकडे पाठ

बाळ बघायला आलेल्या माणसाने आधी बाळ बघावे, एवढा साधा रिवाज आमच्या गावात सगळेच पाळतात. आनमारी बाई पाळत नसत. त्या घरापुढच्या खळ्यात स्कूटर लावत, डोक्यावरचे पांढरे हेल्मेट काढून काखेत धरत, पायरीशी चपला सोडून थेट बाळंतिणीच्या खोलीत जात आणि खुर्ची अशी ओढून बसत की पाळण्याकडे त्यांची पाठ होई. मग बाळंतिणीला विचारत, "झोप लागता काय गो तुका?"

घरातल्या बायका घाईघाईने सांगत, "बाई, बाळाक बघा तरी. अगदी बापाशीवर गेलां हा."

बाई मान न वळवता म्हणत, "तेका बघूक अख्खो गाव येता. हिका कोण बघता?"

हे काहींना आवडत नसे. बाळाकडे पाठ करून बसणे हा कसला शकुन, असे म्हातारी माणसे पुटपुटत. एकदा एका आजीने त्यांची खुर्ची उचलून पाळण्याच्या दिशेने फिरवून ठेवली. बाई उभ्या राहिल्या, खुर्ची पुन्हा होती तशी फिरवली, बसल्या, आणि म्हणाल्या, "आजये, तुझ्या नातवाक मी नंतर धा मिनटां बघतलंय. पयली तुझी सून."

आनमारी फर्नांडिस आमच्या हायस्कुलात गणित शिकवत. कणकवलीहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा गाव लागतो, आणि गावाच्या टोकाला, लहानशा चर्चजवळ त्यांचे घर. पुढे दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे ओटे असलेला बाल्कांव, मागे काजूची बाग. नवरा कायतान शेती बघे आणि टेम्पो चालवी. मी त्याच शाळेत मुख्याध्यापक होतो, म्हणून त्या मला शेवटपर्यंत 'सर' म्हणत राहिल्या. मी परब. माझ्या नावाचे या लेखात एरवी काही काम नाही, पण पुढे जे सांगायचे आहे ते निनावी सांगता येणार नाही.

हेल्मेटचे सांगतो. गावात तेव्हा कोणीच हेल्मेट घालत नसे. पोरे हसत, मोठी माणसे विचारत, "बाई, चंद्रावर जातास काय?" बाई म्हणत, "डोक्यान माका पोटाक घातलां. तेका सांभाळूक नको?" बाजारात, बँकेत, देवळाबाहेरच्या जत्रेत, जिथे जातील तिथे ते हेल्मेट काखेत असे. कधी त्यात वांगी असत, कधी पेपरांचा गठ्ठा, आणि एकदा तर मांजराचे पिल्लू.

त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. पहिल्याच दिवशी त्या सगळ्या मुलांचे खोडरबर गोळा करून टेबलाच्या खणात टाकत. उत्तर चुकले तर त्यावर एक सरळ रेघ मारायची आणि खाली पुन्हा सोडवायचे. "खोडू नको. खंय चुकलस तां दिसाक व्हया. मेल्या, तू खोडलस म्हणान चूक जायत नाय, ती फक्त माका दिसणां बंद जाता." पालक तक्रार करत की वह्या घाणेरड्या दिसतात. मीही एकदा, तपासणीला साहेब येणार म्हणून, वह्या जरा स्वच्छ ठेवायला सांगितले होते. बाईंनी साहेबांसमोर मुद्दाम सर्वांत जास्त रेघा मारलेली वही ठेवली आणि त्या मुलाला उभे करून त्याची प्रत्येक चूक त्याच्याकडून समजावून घेतली. साहेब निघताना मला म्हणाले, "तुमच्या बाई फार कडक आहेत." मी हसून मान डोलावली. मला कडक माणसांची तारीफ करायला आवडे, फक्त त्यांच्या बाजूने उभे राहायला आवडत नसे.

बाळंतिणीच्या खोलीत त्या का जात, हे गावाला माहीत होते आणि नव्हतेही. त्यांचा धाकटा मुलगा झाला तेव्हा त्या अचानक गोव्याला बहिणीकडे गेल्या आणि बरेच महिने तिथेच राहिल्या. गावात कोणी म्हणाले नवऱ्याशी भांडण झाले, कोणी म्हणाले तिथल्या शाळेत नोकरी धरली. परत आल्या तेव्हा त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, कारण तेव्हा कोणी विचारलेच नाही.

सांगितले ते पुढे कितीतरी वर्षांनी, आमच्याच शाळेत. संक्रांतीला आम्ही मुलांच्या आयांसाठी हळदीकुंकू ठेवत असू आणि एखाद्या बाईंचे थोडे बोलणे होई. त्या वर्षी मी आनमारी बाईंना स्वच्छतेवर बोलायला सांगितले. त्या उठल्या, माईक बाजूला केला आणि म्हणाल्या, "हात साबणान धुवा. स्वच्छतेचां झालां. आता माका दुसरां बोलाचां आसा."

मग त्यांनी सांगितले. बाळ झाल्यावर आपल्याला दिवसचे दिवस झोप येईना. बाळ रडले की छातीत धस्स होई आणि ते गप्प झाले की त्याहून जास्त. हे बाळ आपण नीट सांभाळू शकणार नाही, आपण नसलेल्याच बऱ्या, असे सारखे वाटे. कायतानने टेम्पोत घालून गोव्याला डॉक्टरकडे नेले. औषध चालू झाले, बहिणीने रात्रीचे बाळ सांभाळले, आणि हळूहळू माणसात आल्या. "लोक म्हणतत येड लागलां. बरां, येड लागलां म्हणा. लागलां, आणि गेलां. तुमच्यात कोणाक लागलां आसात तर घरात बसान रडत ऱ्हवा नको. माझ्याकडे येवा."

मी दाराशी उभा होतो आणि तिळगुळाच्या ताटाकडे बघत होतो. मग मागच्या रांगेतून एक बाई खाली मान घालून म्हणाली, "माका पण तसांच जायत होतां." तिच्या शेजारच्या बाईने तिचा हात धरला. कार्यक्रम लांबला, चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना केबिनमध्ये बोलावले. शाळेचे नाव, मुलांवर परिणाम, असे काहीबाही बोललो. त्यांनी ऐकून घेतले.

"सर, माका कावीळ झाली आसती, तर तां सांगलेलां चललां आसतां?"

"बाई, कावीळ वेगळी."

"कशी वेगळी? ती पण माका न इचारता इली, ह्यां पण माका न इचारता इलां. तेच्यासाठी पण डॉक्टर, ह्याच्यासाठी पण डॉक्टर. फरक इतकोच, कावीळ झाल्यार तुमी माका भेटूक इलां आसतास."

मी त्यांना पुढच्या वर्षी बोलायला बोलावले नाही. त्या न बोलावता आल्या आणि बोलल्या.

आता माझ्या घराचे.

माझी सून रसिका फोंडाघाटची. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण तिची आई नव्हती, म्हणून ते आमच्याच घरी झाले. मुलगा दिनेश गोव्यात कंपनीत, शनिवारी येई आणि सोमवारी पहाटे जाई. मुलगी झाली. घरात आनंद होता, शेक-धुरी, पेज, अळिवाची खीर, सगळे यथासांग चालले होते. माझी बायको सुमन बाळंतिणीचे करण्यात काही कमी पडू देत नव्हती.

पाचवीला आनमारी बाई आल्या, नेहमीप्रमाणे पाळण्याकडे पाठ करून बसल्या. रसिका त्यांच्याशी काय बोलली ते आम्हाला ऐकू आले नाही. रडणे तेवढे ऐकू आले. बाहेर आल्यावर बाई मला पडवीत बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, बाळंतीण चार दिवस रडता, तां येगळां. ह्यां तसलां नाय. तेका झोपच नाय. डॉक्टराक दाखवा. डॉक्टरीणबाय कणकवलीक येतत, मी सांगतंय कधी."

मी म्हणालो, "निवळेल, बाई. पहिलटकरीण आहे."

त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. आणि सुमन त्यांना रोज दारातूनच "निजलां हा" म्हणून परत पाठवू लागली. निजलेली नसे. उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडलेली असे.

सोयेर, म्हणजे जन्माचा विटाळ, फिटल्यावर सुमनने तिला सांगितले की आता जरा हिंडत-फिरत जा, परसातल्या विहिरीवरून कळशी घेऊन ये. रसिका नाही म्हणाली. एरवी हसत काम करणारी मुलगी, पण विहिरीवर जायला म्हणून तयार होईना. बाळाला घेऊन मागच्या दारापर्यंत आली की उलटी फिरे. सुमन आधी चिडली, मग घाबरली. शेजारणींना वेगळाच संशय आला. पोटुशी असताना भर दुपारी ही विहिरीवर एकटी जायची, नक्की तिथले काहीतरी लागले.

आमच्याकडे अशा वेळी मानकऱ्यांना बोलावतात. ते त्या जागेवर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवाला सगळी हकीकत मोठ्याने सांगतात, आणि जमलेली माणसे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मी स्वतः मानकऱ्यांपैकी एक. यात मला तेव्हाही काही वावगे वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही. सर्वांत ज्येष्ठ तात्या गावकर. त्यांनी ऐकले आणि सांगितले, "बाधा बावीवरची आसा. बाळंतिणीक बावीर उभी करूक व्हयी. तिच्या हातान नारळ ठेवचो."

ज्या दिवशी हे व्हायचे होते त्या सकाळी रसिका माझ्याकडे आली. मी पडवीत पेपर वाचत होतो. ती खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माका बावीर न्हेव नकात. बावीत काय नाय. माका माझीच भीती वाटता."

मी पेपर खाली ठेवला. तिचा चेहरा मी नीट बघितला, हे मला पक्के आठवते. ती काय सांगत होती ते मला समजले. मी मुख्याध्यापक होतो, आनमारी बाईंचे ते भाषण दाराशी उभा राहून ऐकले होते. पण माणसांना निरोप गेले होते, नारळ आणून ठेवला होता, आणि मी म्हणालो, "थोडा वेळ उभी राहा बाळ, मग सगळं बरं होईल."

दुपार कलल्यावर माणसे जमली. विहिरीचा कठडा बुटका, एका बाजूला फणसाची सावली. सुमनने बाळाला घेतले होते. दोघीजणी रसिकाला दोन बाजूंनी धरून आणत होत्या आणि तिचे पाय मागे ओढत होते. तात्यांनी हात जोडले. तेवढ्यात घराच्या कडेने आनमारी बाई आल्या. दारात कोणी भेटले नाही म्हणून आवाजाच्या रोखाने आल्या असाव्यात. हेल्मेट अजून डोक्यावरच होते.

त्यांनी एक नजर रसिकाकडे टाकली, एक विहिरीकडे, आणि सरळ चालत जाऊन रसिका आणि विहीर यांच्या मध्ये, कठड्यावर बसल्या. पाण्याकडे पाठ, रसिकाकडे तोंड.

तात्या म्हणाले, "बाई, ह्यां आमच्या देवाचां काम आसा. तुमी जरा बाजूक ऱ्हवा."

"देवाक माझो नमस्कार सांग तात्या. तेच्याशी माझां भांडण नाय. मी ह्या चेडवाशी बोलूक इलंय."

"उठा बाई. बरां दिसणां नाय."

"बरां दिसणां नाय तर तिकडे बग. मी उठाचंय नाय." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "रसिका, माझ्याकडे बग गो. बावीकडे नको. तुका जीव देवचोसो वाटता?"

एवढ्या माणसांत हा प्रश्न कोणी असा विचारेल यावर कोणाचा विश्वास बसला नसता. एक म्हातारा "शिव शिव" म्हणाला. कोणीतरी ओरडले, "काय अभद्र बोलतास!"

रसिकाने मान हलवली. होय म्हणून. आणि मग, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, मोकळी होऊन रडली. म्हणाली, "बाई, माका हयसून घेवन चला."

तात्या माझ्याकडे वळले. "सर, तुमी काय म्हणतास?"

मला एकच वाक्य म्हणायचे होते. तिने मला सकाळीच सांगितले होते. एवढे म्हटले असते तर तात्याही थांबले असते, ते काही वाईट माणूस नव्हेत. मी नारळाकडे बघत राहिलो. आनमारी बाईंनी थोडी वाट पाहिली.

"सर काय म्हणूचे नायत," त्या म्हणाल्या. "कोणतरी रिक्षा बोलवा."

रिक्षा आली. सुमनने आपली शाल बाळाभोवती गुंडाळली आणि बाळ बाईंच्या हातात दिले. आत जाताना ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "तुमी बोलूक नाय म्हणान मी पण बोलूक नाय. दोघांचीव शाळा एकच." लोकांना मात्र दिसले ते एवढेच, की फर्नांडिस बाई परबांच्या सुनेला आणि नातीला रिक्षात घालून घेऊन गेल्या.

संध्याकाळी तिठ्यावर लोकांनी विचारले. मी म्हणालो, "बाईंनी ऐकलं नाही." तीन शब्द. त्यात खोटे काही नव्हते, आणि खरेही काही नव्हते. त्या तीन शब्दांवर गावाने पुढचे सगळे उभे केले. बाईंनी जबरदस्तीने नेली. देवाचे काम अर्धवट तोडले. कोणी म्हणाले, चर्चमध्ये नेली. हे शेवटचे बाईंच्या कानावर गेले तेव्हा त्या भर बाजारात खो-खो हसल्या. "चर्चात न्हेली आसती, तरी फादरान तिका डॉक्टराकडेच धाडल्यान आसतां. फादराक माझ्यापरास जास्त भेव."

डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, स्वभाव नव्हे, नाटक नव्हे, आणि बरा होतो. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे दिली. काही दिवस तिला एकटी सोडू नका आणि तिला झोप मिळेल असे बघा, असे बजावले. हे सगळे आनमारी बाईंनी रसिकाला परत आणल्यावर आमच्या पडवीत उभे राहून, वर्गात सांगावे तसे सांगितले. दिनेशला त्यांनीच फोन केला. तो म्हणाला, रजा मिळणे कठीण आहे. बाई म्हणाल्या, "तुझ्या कंपनीक दुसरो माणूस गावतलो. हिका दुसरो घोव गावाचो नाय. तू ये." तो त्याच दिवशी निघाला.

मग कामे वाटली. रात्रीचे बाळ सुमन आणि दिनेशकडे, पाजायचे असेल तेव्हाच रसिकाला उठवायचे. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुमची ड्युटी दुपटी."

"म्हणजे?"

"म्हणजे धुवची आणि वाळत घालूची. शाळेत इतकी वर्सां दुसऱ्यांका ड्युट्यो वाटल्यात."

मी दुपटी धुतली. पण वाळत मागे, केळीच्या आड घातली. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, दोरी सोडली आणि पुढच्या खळ्यात, रस्त्यावरून दिसेल अशी बांधली. "हेडमास्तरान धुयलेली दुपटी आसत. गावाक बघूक नको?" शाळेची पोरे रस्त्याने जाताना थांबून बघत. पहिले काही दिवस मी मान खाली घालून वाळत घालत असे. नंतर सवय झाली.

रसिका एकदम बरी झाली नाही. कधी दोन पावले पुढे, कधी एक मागे. मधे एकदा औषध बंद करते म्हणाली आणि पुन्हा घसरली. बाई रोज दुपारी येत, तिच्याजवळ बसत. उपदेश कधी केला नाही. काजूगर सोलत बसत, तिलाही सोलायला देत. सुमनने तिला अंगारा लावलेला बाईंनी एकदा बघितला तेव्हा त्या म्हणाल्या, "लाव गो. अंगारो पण लाव. गोळी चुकव नको म्हणजे झालां."

उन्हाळ्यात एके दिवशी रसिका बाळाला कडेवर घेऊन आपणहून विहिरीपर्यंत गेली, कठड्याला टेकून उभी राहिली आणि फणस किती लागलेत ते मोजू लागली. सुमन मागच्या दारात तोंडावर पदर धरून उभी होती.

बारसे उशिरा केले. आनमारी बाईंना बोलावणे गेले नाही. तात्या आणि मंडळी येणार होती, उगाच कशाला, असे मीच म्हणालो. बाई न बोलावता आल्या. आत आल्या नाहीत, खळ्यात स्कूटरला टेकून उभ्या राहिल्या. रसिका नऊवारीत, बाळाला घेऊन, सगळ्या मंडळींमधून वाट काढत बाहेर गेली आणि बाळ त्यांच्यापुढे धरले. बाईंनी बाळाकडे बघितलेही नाही.

"आदी तू सांग. झोप लागता?"

"लागता, बाई. घोरतंय म्हणतत."

"मगे हाड हिका हकडे," म्हणून त्यांनी माझ्या नातीला घेतले आणि हेल्मेटात बसवून बघितले. मावली.

पुढच्या वर्षी तात्या म्हणाले, सून बरी झाली, विहिरीवर वर्षाचा नारळ द्यायला हवा. त्या दिवशीचे गाऱ्हाणे अर्धे राहिले तरी देवाने राखले. मी नारळ दिला. गाऱ्हाणे मीच घातले, विहिरीवरची बाधा दूर केलीस तशीच कृपा ठेव म्हणून. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मग तो रिवाजच झाला. वर्षामागून वर्षे मी त्या विहिरीवर उभा राहून तेच सांगत आलो, आणि गावातली पोरे तीच हकीकत ऐकत मोठी झाली. परबांच्या सुनेला देवाने वाचवले, आणि फर्नांडिस बाई तिला वेडी ठरवायला निघाल्या होत्या. बाईंना बारशांची बोलावणी येईनाशी झाली. काही घरांनी मुली त्यांच्याकडे शिकायला पाठवणे बंद केले.

बाईंना मी एकदा रस्त्यात गाठून, चाचरत, नारळाचे सांगितले. त्या म्हणाल्या, "नारळ फोडा सर, फोडूचो तितको फोडा. फक्त खोबरां माझ्याकडे धाडा. काम माझां आसा." आणि स्कूटर चालू करून गेल्या. त्यांचे जाणे काही थांबले नाही. बोलावणे नसलेल्या घरीही त्या जात, दारात अडवले तर पायरीवर बसत. "माका बाळ दाखव नको. बाळंतिणीक भायर धाड." खुद्द तात्यांची नात बाळंतपणाला आली आणि जेवेनाशी झाली, तेव्हा तात्या काठी टेकत बाईंच्या बाल्कांवात जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघून विचारले, "नारळ खंय आसा?" तात्यांनी मान खाली घातली. "बरां, चल," म्हणून बाईंनी हेल्मेट उचलले. पण तात्यांनीही हे गावात कुठे सांगितले नाही.

रसिकाला दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा ती आधीपासूनच डॉक्टरीणबाईंकडे जात होती, आणि कुठे जातेस असे विचारणाऱ्या प्रत्येकाला खणखणीत आवाजात सांगत होती.

गेल्या वर्षी बाईंचे हृदय दमले. स्कूटर सुटली. हेल्मेट बाल्कांवातल्या खुंटीला. मी भेटायला गेलो. बरेच दिवस जे बोलायचे होते ते बोलायला सुरुवात केली. बाई, त्या दिवशी विहिरीवर मी... त्यांनी हात वर करून थांबवले, वर्गात चुकीचे उत्तर थांबवत तसे.

"माका कित्याक सांगतास? माका ठाऊकच आसा. ज्यांका ठाऊक नाय तेंका सांगा."

"आता इतक्या वर्षांनी?"

"एक रेघ मारा आणि खाली परत सोडवा. सर, इतकी वर्सां माझ्या वर्गाभायर उभे ऱ्हवन तुमी शिकलास तरी काय?"

काही आठवड्यांनी त्या गेल्या. मातीला सगळा गाव होता. परतताना माझ्या मागून दोन माणसे बोलत चालली होती. बाई चांगली होती हो, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, होती, फक्त तेवढे परबांच्या सुनेचे सोडले तर.

यंदा नारळाच्या दिवशी माणसे जमली. तात्या खुर्चीवर. रसिका, दिनेश, आता फ्रॉक सोडून ड्रेस घालू लागलेली नात. मी हात जोडले आणि देवाला सांगितले की इतकी वर्षे मी तुझ्यापुढे खोटे गाऱ्हाणे घातले. या विहिरीवर कसली बाधा नव्हती. माझी सून आजारी होती. तिने मला त्याच सकाळी सांगितले होते आणि मी गप्प बसलो. तिला आनमारी फर्नांडिस बाईंनी डॉक्टरकडे नेले, ती तिच्या मर्जीने गेली, आणि औषधाने बरी झाली. बाईंना गावाने जो बोल लावला तो माझ्यामुळे. तो बोल आजपासून माझ्यावर असू दे म्हाराजा.

साथ आली नाही. माणसे एकमेकांकडे बघत राहिली. देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्याला साथ न मिळणे काय असते ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. मग मागून बाईचा आवाज आला. आमच्याकडे बायका साथ देत नाहीत.

"व्हय म्हाराजा," रसिका म्हणाली.

तात्यांनी वळून तिच्याकडे बघितले. मग काठीवर जोर देत खुर्चीतून उठले आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांच्यामागून एकेक करत बाकीचे.

खोबरे मी चर्चजवळच्या घरी पोचते केले. कायतानने काही न विचारता घेतले.

बाईंचे मला आठवते ते रूप मात्र त्या शेवटच्या भेटीचे आहे. मी बाल्कांवाच्या पायऱ्या उतरून फाटकाशी आलो होतो. रस्त्यावरून एक तरणी मुलगी बाळाला लस टोचून घेऊन चालली होती. बाईंना उठवत नव्हते, पण त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली. मुलगी थांबली, हसली, आणि दुपट्याचे टोक बाजूला करून बाळाचे तोंड त्यांना दिसेल असे वर धरले.

बाईंनी हाताने ते दुपटे झाकायची खूण केली.

"तां ऱ्हवांदे गो," त्या रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या. "तू जेवलंस काय?"